पाठीचे कातडे आणि पोटाचे कातडे



पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी म्हसोबाची मोठी यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती साऱ्या ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. बैल आले की बैलांचा साजही ओघानेच येतो. वेसणी, गोंडे, चाबूक, घुंगरमाळा यांची दुकाने जमिनीवर पाल अंथरून मांडलेली असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात मी घुंगरे ओवलेला एक चामडी पट्टा विकत घेतला. माझ्या दारी बैल नाही. पट्टा मला हवा होता तो निराळ्याच कारणाने.

शाळेतून निवृत्त झाल्यानंतर फावल्या वेळेचा उद्योग म्हणून मी कातड्याच्या लहानसहान वस्तू करू लागलो होतो. चष्म्याचे घर, किल्ल्यांची पिशवी, पुस्तकाचे वेष्टन, अशा त्या वस्तू. मुंबईहून कातडे आणले, एका इंग्रजी पुस्तकातील आकृत्या पाहून कापले, आणि मोठ्या हौसेने खांद्यावर अडकविण्याची एक पिशवी शिवली. पिशवी चांगली झाली, परंतु तिचा पट्टा महिनाभरात चार बोटे लांबला आणि पिशवी गुडघ्याशी खेळू लागली. मी पट्टा कापून आखूड केला. तो पुन्हा लांबला. इकडे खुरांच्या धुळीत, पावसात आणि घामात वर्षानुवर्षे बैलाच्या गळ्यात राहणारा पट्टा मात्र तसूभरही ताणत नाही, हे मला दिसत होते. सबब तो पट्टा घेऊन मी दुकानदारासच विचारले. दुकानदार साठीच्या पुढचे होते. त्यांनी माझ्या पिशवीचा पट्टा हातात घेतला, दोन्ही टोके धरून किंचित ओढला आणि हसून म्हणाले, "गुरुजी, हा पोटाचा हाय. पट्टा पाठीचा कापायचा असतो."

एवढ्या एका वाक्याने माझे कोडे सुटले. इंग्रजी पुस्तकात कापावयाची मापे होती, पण जनावराच्या अंगावरील जागा मी वाचली नव्हती. कातडे हे कापडासारखे सगळीकडे एकसारखे विणलेले नसते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस त्यातील तंतू दाट आणि घट्ट असतात. पोटाकडे व काखांकडे ते सैल होत जातात, कारण जनावराचे पोट भरते आणि रिते होते, व त्या कातड्यास ताणावेच लागते. मानेचे कातडे जाड खरे, परंतु त्यावर वळ्या असतात. म्हणून पट्टा कण्याला समांतर, पाठीच्या भागातून काढावा. पोटाचे कातडे आतील कप्प्यास, अस्तरास, जेथे ओढ पडत नाही अशा ठिकाणी वापरावे. आणि पोटाचाच पट्टा करणे भाग पडले, तर कापलेली पट्टी ओली करून तिला वजन बांधून सावलीत टांगावी. जेवढे लांबावयाचे तेवढे ती तेथेच लांबून घेते. नंतर तिला दुसरी पट्टी खळीने चिकटवून दोन्ही कडांनी शिवण घालावी. ही युक्तीदेखील त्याच गृहस्थांची.

मला विचार पडला तो असा, की हे ज्ञान आले कोठून आणि ते माझ्यासारख्या चाळीस वर्षे मुलांस शिकविणाऱ्या मनुष्यापर्यंत इतक्या उशिरा का पोचले? आज या प्रश्नाच्या मागे थोडे चालून पाहावयाचे आहे.

आपल्या भाषेत कच्चे कातडे पक्के करण्यास 'कमावणे' असे म्हणतात. पैसा कमावतात, तालमीत शरीर कमावतात, तसेच कातडेही कमावतात. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर लाकडासारखे कडक होते. त्यास कुजू न देता मऊ ठेवणे ही मनुष्यजातीच्या अगदी जुन्या विद्यांपैकी एक विद्या आहे. हिंदुस्थानातील खेड्यांतून तिची रीत सामान्यतः अशी होती. कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवून त्यावरील केस सैल करावयाचे, मग केस आणि आतील मांसाचा थर खरवडून काढावयाचा. नंतर चुना धुऊन टाकावयाचा. यात हयगय झाली, तर कातडे पुढे तडकते. मग झाडांच्या साली आणि फळे कुटून त्यांच्या तुरट पाण्यात ते मुरवावयाचे. शेवटी त्याच कातड्याची पिशवी शिवून ती झाडाला अगर तिकाटण्याला टांगावयाची, आणि आत सालींचा चुरा व पाणी भरावयाचे. पाणी कातड्यातून पाझरत पाझरत खाली घागरीत पडते, ते पुन्हा वरून ओतावयाचे. दोन दिवसांनी पिशवी उलटी टांगावयाची, म्हणजे वरची बाजू खाली येते. कातडे स्वतःच स्वतःचे भांडे होते, ही कल्पना मला अजूनही चकित करते.

या तुरट द्रव्यास टॅनिन असे नाव आहे. आणि त्या बाबतीत शहापूर व मुरबाड हे तालुके निसर्गाने मुक्त हस्ताने भरले आहेत. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या रानापर्यंत ऐनाची झाडे आहेत. ऐनाची साल तुरट. घाटमाथ्याकडे हिरडा आहे. हिरड्याचे फळ तर या कामात अग्रगण्य, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ते विलायतेतील चर्मकारखान्यांकडे जहाजे भरून जात असे. रानात खैर आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे म्हणून या भागातील कातकऱ्यांना ते नाव पडले. तो कातही त्याच तुरट जातीचा. घरी पान खाताना आपण जिभेवर जो अनुभव घेतो, तोच कातड्याला येतो, फक्त महिनाभर. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जंगलातील झाडांची लांबच लांब यादी आहे आणि लोकवर्णनात चर्मकारांचीही नोंद आहे. परंतु झाडांना तेथे जेवढी जागा मिळाली तेवढी या माणसांच्या कौशल्यास मिळालेली नाही.

मग त्या कातड्याचे होत काय असे? पायांतील वहाणा तर खऱ्याच. पण तेवढ्याच नव्हेत. घाटावर विहिरीचे पाणी उपसण्याची मोट चामड्याची; पाणी वाहण्याची पखाल चामड्याची; तेलातुपाचे बुधले चामड्याचे. नाणेघाटाने जुन्नरकडे ये-जा करणाऱ्या बैलांच्या तांड्यांना गाडीचा रस्ता नव्हता. सारे ओझे बैलाच्या पाठीवर, आणि त्या उभ्या पायऱ्यांवर मातीचे भांडे टिकले नसते. डोंगरी किल्ल्यांवर पखालीने पाणी चढत होते. मृदंग, डफ आणि हलगी यांविना तर आपले एकही मंगल कार्य होत नाही. आपण ज्यास इतिहास म्हणतो त्याचे पुष्कळसे ओझे कातड्याने वाहिले आहे, आणि ते शिवणाऱ्याचे घर मात्र गावाच्या कडेला.

पखालीची शिवण कशी असेल याचा विचार करा. त्या शिवणीतून पाणी गळता कामा नये. येथे हौशी मनुष्याची दुसरी अडचण सुटते. कपड्याच्या यंत्रावर घातलेली शिवण दोन दोऱ्यांची असते. ते दोरे एकमेकांत अडकलेले असतात, आणि एक टाका तुटला की शेजारचे टाके उसवू लागतात. कातडे शिवणारा कारागीर एकाच मेणवलेल्या दोऱ्याची दोन्ही टोके घेतो आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही टोके समोरासमोरून ओढतो. एक टाका झिजला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा तेथे तसाच उभा असतो. दोऱ्यास मेण लावावयाचे ते ओढताना तो फुटू नये म्हणून आणि भोक बुजावे म्हणूनही. आरीचे भोक दोऱ्यापेक्षा मोठे होऊ देऊ नये. माझ्या पहिल्या पिशवीची भोके एवढी मोठी होती की त्यांतून ज्वारीचा दाणा गेला असता.

आता या भागात आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा कल्याणपासून वासिंदपर्यंत १८५५ साली पोचला, १८६० मध्ये आसनगावी, १८६१ मध्ये कसाऱ्यास, आणि १८६५ मध्ये थळघाट ओलांडून इगतपुरीस. रानचा हिरडा आणि गावचे कच्चे कातडे यांना मुंबईचा बाजार जवळ झाला. मुंबईत धारावीस १८८७ पासून तामिळ मुलुखातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी चर्मकारखाने उभारले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे धारावी हे या धंद्याचे नाव होऊन बसले. खेड्यातील टांगलेली पिशवी हळूहळू दिसेनाशी झाली. मोटेच्या जागी लोखंडी मोट आली, मग इंजिन आणि विजेचा पंप. पखालीच्या जागी नळ. बुधल्याच्या जागी पत्र्याचा डबा.

त्याच काळात आणखी एक मोठी घडामोड झाली. अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. ज्या कामास सालींच्या पाण्यात आठवडे लागत ते दिवसांत होऊ लागले. आपल्याकडे मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास या रीतीचे प्रयोग सुरू केले, आणि योगायोग पाहा, मोटेचे कातडे पाण्यात अधिक टिकावे हाही त्यांच्या डोळ्यांपुढील एक हेतू होता. आज बाजारात मिळणारे बहुतेक मऊ, रंगीत कातडे क्रोमचे असते.

हौशी मनुष्य फसतो तो येथे. पुस्तकात लिहिलेले असते की कातडे ओले करून त्यावर ठसा मारावा, म्हणजे नक्षी उठते. साच्यावर बसवावे, म्हणजे आकार धरते. तो दुकानातून सुंदर कातडे आणतो, ओले करतो, ठसा मारतो, आणि तासाभराने नक्षी पुसट होऊन जाते. मग तो आपल्या हातास दोष देतो. दोष हाताचा नसतो. सालीने कमावलेले कातडे पाण्याने मऊ होऊन वाळताना दिलेला आकार धरून ठेवते. क्रोमचे कातडे रबरासारखे पूर्वस्थितीला जाते. विकत घेण्यापूर्वी कापलेली कड पाहावी. सालीच्या कातड्याची कड आतपर्यंत तपकिरी किंवा बदामी असते. क्रोमच्या कातड्यात मधोमध पुष्कळदा निळसर-करडी रेघ दिसते. दुकानदाराने परवानगी दिली तर एक बारीक कात्रण जाळून पाहावे. क्रोमची राख हिरवट उतरते. सालीचे कातडे कडेला पाणी लावून गुळगुळीत लाकडाने घासले की चकाकते. क्रोमची कड कितीही घासली तरी केसाळच राहते, तिला रंग लावावा अगर ती दुमडून शिवावी. दुमडण्यापूर्वी रापीने ती आतून पातळ करण्यास विसरू नये.

एक गंमत सांगतो. सालीचे ओले कातडे मी लोखंडी पट्टीखाली ठेवून जेवावयास गेलो आणि परत येऊन पाहतो तो कातड्यावर पट्टीची काळी छबी उमटलेली! प्रथम वाटले, पट्टी मळकी असेल. नंतर आठवले, की आमच्या आजोबांच्या काळची शाई हिरडा आणि हिराकस यांचीच होत असे. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्याचे तुरट पाणी व लोखंड एकत्र आले की काळा रंग झालाच. म्हणजे माझ्या बाकावर मी नकळत शाई केली होती. असा डाग लिंबाच्या रसाने पुसावा, तो फिका पडतो. नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. आणि काळे कातडे हवे असेल तर हाच अपघात मुद्दाम करावा. लोखंडाचा कीस शिरक्यात काही दिवस मुरवून ते पाणी कातड्यावर फिरवावे. हा काळा रंग वर बसलेला नसतो, आत झालेला असतो. त्यामुळे तो हातास लागत नाही.

पावसाळ्याविषयी विस्ताराने बोलण्याची गरज नाही. तो आमच्याकडे शंभर इंचांच्या घरात पडतो. बुरशी आली म्हणून कातडे उन्हात टाकू नये, चुलीजवळ तर नाहीच. कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर, सावलीत वाळवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये, सुती कापडात ठेवावे. तेल द्यावे ते करंजाचे किंवा एरंडाचे, तेही बोटाने, वाटीने नव्हे. अति तेल प्यालेले कातडे लुळे पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे ज्ञान आमच्यापर्यंत न पोचण्याचे कारण ते अवघड होते हे नव्हे. ते ज्यांच्याजवळ होते त्यांच्याशी आमचे बोलणे नव्हते.

दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉलस्टॉय फार्म निघाले. तेव्हा गांधीजींचे जर्मन ज्यू स्नेही हर्मान कालेनबाख हे नाताळमधील मरियानहिल या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करण्यास शिकून आले आणि त्यांच्यापासून गांधीजी शिकले. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या वैश्य कुळातील मनुष्याने कातड्यास हात लावला, आणि तो कुणापासून शिकला? ख्रिस्ती साधूंच्या विद्यार्थ्यापासून! काठेवाडात त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ही विद्या पिढ्यान् पिढ्या नांदत असणार. तुरुंगात त्यांनी केलेल्या चपलांचा एक जोड १९१४ साली जनरल स्मट्स यांना भेट गेला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आदराने परत पाठविला. पुढे १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जवळच नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी मेलेल्या जनावरांचे कातडे शास्त्रीय रीतीने कमावण्याचे चर्मालय चालविले.

याच्या उलट बाजूही ऐकली पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मृत जनावराचे मांस खाणे सोडून देण्यास सांगितले, आणि त्यानंतर कित्येक गावी मेलेली ढोरे ओढण्याचेही लोकांनी नाकारले. एकीकडे कातड्यास हात लावण्यात प्रतिष्ठा, दुसरीकडे हात काढून घेण्यात प्रतिष्ठा. पुष्कळ वर्षे मला यांतील पहिला पक्ष अधिक उदात्त वाटे. आज मला तसे वाटत नाही. बॅरिस्टराने चपला केल्या तर तो बॅरिस्टरच राहतो. ज्यास दुसरे काही करण्याची मुभाच नाही त्याच्या हातातील आरी आणि माझ्या हातातील आरी एकच वस्तू नव्हे. आणि मी छंद म्हणून जे करतो ते त्यास जन्मठेप म्हणून मिळाले होते, ही गोष्ट मला आमच्या शाळेत शिकावयास मिळाली. ती सांगतो.

मी एका खेड्यातील शाळेवर असताना माझ्या दप्तराचा बंद तुटला. मधल्या सुटीत सातवीतील एक मुलगा आला, खिळ्याने भोके पाडून, मेणबत्तीवर दोरा ओढून त्याने तो दहा मिनिटांत शिवून दिला. त्याचे वडील काय करतात या हजेरीपटावरील प्रश्नास त्याने 'मजुरी' असे उत्तर दिले होते. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, कुणाला सांगू नका." मला त्याचे कौतुक वाटले. मी विचार केला, गुणाची वाहवा केलीच पाहिजे. दुपारी कार्यानुभवाच्या तासाला सर्व वर्गापुढे मी तो बंद उंच धरला, टाका दाखविला आणि त्याचे नाव घेतले. वर्गात कोणीतरी हसले. तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो शेवटच्या बाकावर बसला, आणि त्या वर्षी त्याने कार्यानुभवाच्या तासाला एकाही वस्तूस हात लावला नाही. मी त्याची क्षमा मागितली नाही. गुरुजींनी विद्यार्थ्याची क्षमा मागावी असे त्या वेळी आमच्या मनातही येत नसे.

पुढे तो शिकला, सरकारी नोकरीत लागला. गेल्या दिवाळीत तो मुलाबाळांसह मला भेटावयास आला होता. बोलता बोलता मी खिशातून चष्म्याचे घर काढले. ते मीच केलेले, सालीच्या कातड्याचे, हिरड्याच्या काळ्या रंगाचे. त्याने ते मागून घेतले. कड पाहिली, शिवण बोटाने चाचपली, उलटे करून टोकाशी निरखले. मग खोलीत मुले होती तरी मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, शेवटचे दोन टाके मागे घ्यायला हवे होते. इथून उसवेल." मी उठून कपाटातील आरी आणि दोरा आणला. त्याने चष्मा बाहेर काढून ठेवला आणि धाकट्या मुलीला जवळ बसवून दोऱ्याला मेण लावावयास सुरुवात केली.